‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

रविवारची दुसरी मिस्सा आटोपली की आमच्या चर्चच्या ओट्यावर एक छोटीशी लोकसभाच भरते. सेवानिवृत्त शिक्षक, बागायतदार, बँकेतले कारकून, कॉलेजात जाणारी दोन-चार मुले असे तिचे सभासद. रस्त्यातले खड्डे, नळाला न येणारे पाणी आणि पक्ष बदलणारे पुढारी हे तिचे नेहमीचे विषय. चर्चा कोठूनही सुरू होवो, ती येऊन थांबते एकाच वाक्यावर. मागच्या महिन्यात एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ते वाक्य थेट आमच्याकडे वळून उच्चारले : ‘‘फादर, तुम्ही काही म्हणा, या देशाला दहा वर्षे हुकूमशहाच पाहिजे. त्याशिवाय हा गाडा रुळावर यायचा नाही.’’

सभासदांनी माना डोलावल्या. आम्ही हसून वेळ मारून नेली. पण ते हसू प्रामाणिक नव्हते. धर्मग्रामाच्या एकेका बैठकीत दोन-दोन तास वादात गेले, की हाच विचार आमच्याही मनात डोकावून गेलेला आहे. तेव्हा काकांना उत्तर द्यायचे तर आधी स्वतःला द्यावे लागणार होते. प्रस्तुत लेख हा त्याचाच प्रयत्न.

आरंभी एक गैरसमज दूर करू. निवडणुका होतात ती लोकशाही आणि होत नाहीत ती हुकूमशाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. स्टॅलिनच्या रशियात निवडणुका होत असत. मात्र मतपत्रिकेवर नाव एकच असे. पोर्तुगालच्या सालाझारने निवडणुका घेतल्या, फिलिपीन्सच्या मार्कोसने घेतल्या, चिलीच्या पिनोशेनेही लोकांचा कौल मागितला. तेव्हा भेद मतपेटीत नाही. भेद आहे तो एका छोट्या शब्दात. राज्यकर्त्याला ‘नाही’ म्हणता येते काय? म्हणणारा मनुष्य रात्री आपल्या घरी सुखरूप झोपतो काय? आणि पुरेशी माणसे ‘नाही’ म्हणाली तर राज्यकर्ता मुकाट्याने खुर्ची सोडतो काय? या तीन प्रश्नांच्या कसोटीवर गेल्या शतकातील काही राजवटी आपण घासून पाहू.

सेमिनरीत शिकलेला शासक

वाईट हुकूमशहा निवडून हुकूमशाहीला नावे ठेवणे सोपे असते. म्हणून आम्ही काकांच्या मनातल्यासारखाच एक हुकूमशहा घेतो. आंतोनियो सालाझार १८८९ साली एका साध्या ग्रामीण कुटुंबात जन्मला. व्हिझेवच्या सेमिनरीत त्याने आठ वर्षे शिक्षण घेतले, पुढे तो कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९२८ साली तो अर्थमंत्री झाला आणि कर्जबाजारी पोर्तुगालचा जमाखर्च त्याने थोड्याच काळात जुळवून दाखवला. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. तो अविवाहित, काटकसरी आणि धर्माचरणी होता. स्वतःच्या घरासाठी त्याने सरकारी तिजोरीवर हात मारल्याचे कोणी म्हणत नाही. लिस्बनचे कार्डिनल सेरेजैरा हे त्याचे कोइंब्रातील दिवसांपासूनचे स्नेही. शिस्त, स्वच्छ हात, श्रद्धा, सारे काही होते.

नव्हता तो फक्त ‘नाही’ म्हणणारा मनुष्य. १९३३ च्या राज्यघटनेने ‘नवे राज्य’ स्थापन झाले. वृत्तपत्रांवर तपासनीस बसले. गुप्त पोलिसांचे खबरे कार्यालयात, विद्यापीठात, खानावळीत पेरले गेले. विरोधकांसाठी केप व्हर्दे बेटांवर ताराफालची छावणी उघडली गेली. १९५८ साली जनरल उंबेर्तो देल्गादो अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि निवडून आलो तर सालाझारला काढून टाकीन, असे त्यांनी उघडपणे सांगितले. लोकांची झुंबड उडाली. अधिकृत मोजणीत मात्र त्यांच्या पदरी सुमारे चौथा हिस्सा मते पडली. पुढच्याच वर्षी राज्यघटना बदलून अध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द करण्यात आली. १९६५ साली गुप्त पोलिसांनी देल्गादो यांना स्पेनच्या सरहद्दीजवळ ठार केले.

त्याच १९५८ साली पोर्तूचे बिशप आंतोनियो फेरेरा गोमिश यांनी सालाझारला एक दीर्घ पत्र लिहिले. गरिबांचे दैन्य आणि लोकांचे हिरावलेले हक्क यांविषयी त्यांनी एका कॅथोलिक शासकाला कॅथोलिक म्हणूनच जाब विचारला होता. १९५९ साली ते परदेशी गेले ते दहा वर्षे त्यांना मायदेशी पाऊल ठेवता आले नाही. देशातील बहुसंख्य धर्माधिकारी या काळात गप्प राहिले, ही गोष्ट आपण कॅथोलिकांनी न लपवता सांगितली पाहिजे.

या राजवटीचा हात आपल्या शेजारी गोव्यातही होता. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी सभा घेतली. त्यांनी मागितले होते ते भाषणाचे आणि सभेचे स्वातंत्र्य, म्हणजेच ‘नाही’ म्हणण्याची मुभा. त्या चळवळीत चांदरचे टी. बी. कुन्हा पकडले गेले. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा सरहद्दीवर उभ्या ठाकल्या, तेव्हा सालाझारने लिस्बनहून हुकूम सोडला की शरणागती चालणार नाही. तेथल्या तीन हजारांवर सैनिकांनी मरेपर्यंत लढावे, अशी त्याची अपेक्षा होती. गव्हर्नर जनरल व्हसालो इ सिल्व्हा यांनी तो हुकूम पाळला नाही. त्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि गोव्यातील कित्येक प्राण व कित्येक वास्तू वाचवल्या. मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. त्यांना पद परत मिळाले ते राजवट कोसळल्यानंतर, १९७४ साली.

सालाझारचा शेवट एखाद्या दृष्टान्तासारखा आहे. १९६८ साली तो खुर्चीवरून पडला, मेंदूला इजा झाली आणि त्याच्या जागी दुसरा पंतप्रधान नेमण्यात आला. परंतु ही बातमी त्याला सांगण्याचा धीर कोणाला झाला नाही. भेटीला येणारे मंत्री त्याच्यापुढे कारभाराचे नाटक करीत राहिले, असा वृत्तान्त प्रसिद्ध आहे. जुलै १९७० मध्ये तो मरण पावला. आयुष्यभर ज्याने ‘नाही’ हा शब्द ऐकून घेतला नाही, त्याला अखेरीस ‘आपण आता पंतप्रधान नाही’ एवढेही कोणी सांगितले नाही. मागे उरली ती आफ्रिकेतील वसाहतींत पेटलेली युद्धे, त्यांत बळी पडलेले हजारो तरुण आणि सुमारे चौथा हिस्सा निरक्षर असलेली प्रजा. २५ एप्रिल १९७४ रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी ही राजवट उलथली. त्यांना संकेत देणारे गीत मध्यरात्री प्रसारित झाले ते पोर्तुगालच्या कॅथोलिक नभोवाणीवरून. बरोबर एका वर्षाने मतदान झाले आणि शेकडा ९१ हून अधिक मतदारांनी रांगा लावल्या.

गोमंतकीयांना त्यांचे मत याआधीच विचारले गेले होते. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. आपल्या मराठी वाचकांपैकी अनेकांना तो निकाल रुचला नव्हता. तरीही अंतर केवळ ३४,०२१ मतांचे असताना साऱ्यांनी तो मानला. ४५१ वर्षांच्या राजवटीत जे एकदाही घडले नव्हते, ते मुक्तीनंतर सहाव्या वर्षी घडले : दिल्लीने विचारले, आणि गोव्याचे ‘नाही’ दिल्लीने व मुंबईने ऐकून घेतले.

धान्याचे आकडे

काका म्हणतील, ‘‘फादर, स्वातंत्र्य ठीक आहे, पण पोटाचे काय? हुकूमशहा निदान काम तरी झटपट करतो.’’ आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर चीनमध्ये शोधू.

१९५८ साली माओ त्से-तुंग यांनी ‘मोठी झेप’ घोषित केली. शेती सामुदायिक झाली, घराच्या परसात पोलाद वितळवण्याच्या भट्ट्या पेटल्या. वरून आलेले उद्दिष्ट पुरे झाले नाही असे कळवण्याची छाती कोणत्याही अधिकाऱ्याला होईना. म्हणून प्रत्येक गावाने पिकाचा आकडा फुगवला, जिल्ह्याने तो आणखी फुगवला, आणि त्या खोट्या आकड्यांच्या हिशेबाने सरकारने खरे धान्य उचलून नेले. जुलै १९५९ मध्ये लूशान येथील बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओंना एक पत्र लिहून हे सारे बिघडत असल्याचे नम्रपणे निदर्शनास आणले. पेंग हे माओंचे जुने सहकारी, कोरियातील युद्धाचे सेनापती. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा छळ झाला आणि १९७४ साली ते बंदिवासात वारले. त्यांच्या गच्छंतीनंतर सत्य सांगण्यास कोण धजावणार? १९६१ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात किती माणसे गेली याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. काम झटपट झाले होते, यात शंका नाही.

याच्या शेजारी आपला १९७२ चा दुष्काळ ठेवून पाहा. आमच्या पिढीला तो आठवत नाही, पण वडीलधाऱ्यांच्या तोंडून लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्यांच्या आणि सुकडीच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. मराठवाड्यात, सोलापुरात, नगरमध्ये विहिरी कोरड्या पडल्या होत्या. परंतु वृत्तपत्रे भेगाळलेल्या जमिनींची छायाचित्रे छापत होती. विधिमंडळात विरोधक सरकारला धारेवर धरीत होते. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या महिला महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. सरकारला स्वस्थ बसणे परवडणारे नव्हते. १९७३ च्या उन्हाळ्यात खडी फोडण्याच्या, बंधारे-तलाव बांधण्याच्या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. हाल पुष्कळ झाले, गुरेढोरे गेली, गावे उठून शहरात आली; मात्र चीनसारखी प्रेतांची रास महाराष्ट्राने पाहिली नाही. जेथे निवडणुका खऱ्या आणि वृत्तपत्रे मोकळी असतात तेथे मोठा भूकबळी पडत नाही, असे अमर्त्य सेन यांनी सांगितले ते अशाच अनुभवांच्या आधाराने. रोजची अर्धपोटी भूक मात्र लोकशाहीलाही अजून मिटवता आलेली नाही, हेही आपण प्रांजळपणे मान्य करू.

काकांचा गोंगाट वाटणारा गोंगाट हाच राज्याचा कान असतो. तो बंद केला की शांतता मिळते, पण बातमी मिळत नाही.

दोन कॅथोलिक देश

१९८६ साली आम्ही सेमिनरीत नवखे होतो. फेब्रुवारीच्या अखेरीस मनिलाहून आलेली छायाचित्रे वृत्तपत्रांतून छापून आली : रणगाड्यांपुढे गुडघे टेकलेल्या धर्मभगिनी, हातांत जपमाळा. आम्हा मुलांत त्यांवरून केवढी चर्चा झाली होती!

फर्दिनांद मार्कोस हा १९६५ साली रीतसर निवडून आलेला अध्यक्ष. १९६९ साली तो पुन्हा निवडून आला. तिसऱ्यांदा उभे राहण्यास राज्यघटना मना करीत होती, तेव्हा सप्टेंबर १९७२ मध्ये त्याने लष्करी कायदा पुकारला. १९८३ साली विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो परदेशातून परतले आणि विमानातून उतरतानाच मनिलाच्या विमानतळावर गोळी घालून त्यांची हत्या झाली. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांच्या पत्नी कोराझोन अक्विनो मार्कोसच्या विरोधात उभ्या राहिल्या. मतांची बेरीज संगणकावर चालली होती. पडद्यावरचे आकडे आणि फलकावर लागणारे आकडे जुळत नाहीत, हे ९ तारखेस संगणक चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या ध्यानी आले. त्यांपैकी पस्तीस जण काम टाकून बाहेर पडले आणि त्यांनी आसरा घेतला तो एका चर्चमध्ये. त्या राज्यक्रांतीचा आरंभ आम्ही येथूनच मानतो. ती साधी पगारी माणसे होती. खोटी बेरीज करायला त्यांनी ‘नाही’ म्हटले, एवढेच.

१३ तारखेस फिलिपीन्सच्या बिशपांनी निवेदन काढले, की लबाडीने मिळवलेल्या सत्तेला नैतिक पाया नसतो. २२ तारखेस काही सेनाधिकाऱ्यांनी बंड केले. कार्डिनल हाइमे सिन यांनी ‘रेडिओ व्हेरितास’वरून जनतेला त्यांच्या रक्षणासाठी रस्त्यावर येण्याचे आवाहन केले, आणि एड्सा नावाच्या त्या हमरस्त्यावर लाखो माणसे चार दिवस उभी राहिली. २५ फेब्रुवारीस मार्कोस देश सोडून गेला.

चिलीची कथा याहून सावकाश घडली. ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल आउगुस्तो पिनोशे याने निवडून आलेल्या आयेंदे सरकारवर सैन्य घातले. त्यानंतरच्या सतरा वर्षांत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा कायमची नाहीशी झाली. मतदारांच्या याद्याही १९७४ साली जाळण्यात आल्या. सांतियागोचे कार्डिनल राऊल सिल्वा हेन्रीकेझ यांनी अन्य पंथीयांच्या सहकार्याने पीडितांसाठी समिती काढली. पिनोशेने ती बंद करायला लावली, तेव्हा १ जानेवारी १९७६ रोजी कार्डिनलांनी तेच कार्य आपल्या महाधर्मप्रांताच्या छत्राखाली पुन्हा सुरू केले. कॅथिड्रलच्या शेजारी असलेल्या त्या कचेरीत बायका येत आणि नेलेल्या मुलाचे, पतीचे नाव सांगत. वकील ते नाव, ती तारीख, तो पत्ता लिहून घेत व न्यायालयात अर्ज करीत. न्यायालये बहुतेक अर्ज फेटाळीत. तरी कागद जपून ठेवले गेले. पुढे सत्यशोधन आयोग नेमला गेला, तेव्हा तेच कागद बोलू लागले.

५ ऑक्टोबर १९८८ रोजी पिनोशेने आणखी आठ वर्षांसाठी कौल मागितला. मतपत्रिकेवर दोनच शब्द होते : ‘होय’ आणि ‘नाही’. विरोधकांनी प्रत्येक केंद्रावरचे आकडे स्वतः जमवून समांतर मोजणी केली. मध्यरात्रीच्या सुमारास वायुदलाचे प्रमुख फर्नांडो माथेई यांनी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरता शिरता पत्रकारांना सांगून टाकले, की ‘नाही’ जिंकले आहे. सुमारे ५६ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले होते. ११ मार्च १९९० रोजी पात्रिसियो आयल्विन यांनी सूत्रे हाती घेतली.

घरचा अनुभव

आपण भारतीयांनी हे परक्यांचे म्हणून ऐकू नये. २५ जून १९७५ च्या रात्री आपल्याकडेही आणीबाणी आली. गाड्या वेळेवर धावतात म्हणून तिचे कौतुक करणारे अनेक होते. त्यांत आपलेही लोक होते. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, तरी मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात तीन दिवसांनी एक छोटी निधनवार्ता छापून आली. वरवर पाहता ती एखाद्या ख्रिस्ती गृहस्थाची वाटावी अशी होती. मृताचे नाव डी. ओक्रेसी, पत्नीचे नाव ट्रूथ, मुलाचे नाव लिबर्टी, आणि फेथ, होप, जस्टिस ही भावंडे! तपासनिसाच्या नजरेतून ती निसटली. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी केंद्रीय मंत्री उपस्थित असताना आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करण्यास श्रोत्यांना सांगितले. पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांनी निकाल दिला, की या काळात अटकेतील नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. पाचवे न्यायाधीश एच. आर. खन्ना यांनी एकट्याने ‘नाही’ लिहिले, आणि सरन्यायाधीशपदाला मुकले.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली. इंदिरा गांधी रायबरेलीत सुमारे ५५ हजार मतांनी पडल्या आणि पदावरून दूर झाल्या. तीन वर्षांनी त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. आमच्या मते या दोन्ही घटना मिळून लोकशाहीची व्याख्या पूर्ण होते. निरक्षर म्हणून हिणवलेल्या प्रजेने राज्यकर्त्याला घालवले, परत आणले आणि दोन्ही वेळा सत्तांतर शांततेने झाले.

लोकशाहीचे दोष

लोकशाही चुकत नाही, असे आमचे म्हणणे नाही. २३ मार्च १९३३ रोजी जर्मन लोकसभेने हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा रीतसर मतदानाने संमत केला. कॅथोलिकांच्या सेंटर पक्षाने त्याला होकार दिला आणि त्या पक्षाचे नेते लुडविग कास हे एक धर्मगुरू होते. चर्चचे हक्क शाबूत राहतील, असे आश्वासन त्यांना मिळाले होते. साडेतीन महिन्यांत तो पक्षच उरला नाही. आपल्यापुरते कुंपण राखून शेजाऱ्याचे घर जळू देणारा शेवटी स्वतःही राखेत बसतो, हा धडा आम्हा धर्मगुरूंनी विशेषकरून लक्षात ठेवावा.

निकाराग्वाचे डॅनिएल ओर्तेगा २००६ साली निवडून आले आणि पुढे त्यांनी दारे एकेक करून बंद केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये २२२ राजबंद्यांना विमानात बसवून देशाबाहेर धाडण्यात आले. मातागाल्पाचे बिशप रोलांदो आल्व्हारेझ यांनी विमानात चढायला ‘नाही’ म्हटले. दुसऱ्याच दिवशी त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना रोमला पाठवण्यात आले. आणि फिलिपीन्समध्ये २०२२ साली तीन कोटींहून अधिक मतांनी अध्यक्ष निवडून आले ते त्याच मार्कोसचे चिरंजीव! एड्साच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या धर्मभगिनींना काय वाटले असेल? तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९८७ च्या राज्यघटनेने तेथे अध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत दिलेली आहे. मतदारांच्या निवडीला दार आहे आणि त्या दाराला बाहेर जाण्याची वाटही आहे.

ख्रिस्तसभेलाही हे समजायला वेळ लागला. १९४४ च्या नाताळ संदेशात पोप पायस बारावे यांनी लोकशाहीचा विचार केला तो युद्धाच्या राखेवर उभे राहून. १९९१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या परिपत्रकात अधिक स्पष्ट सांगितले : राज्यकर्ते निवडणे, त्यांना जाब विचारणे आणि शांततेने बदलणे ज्या व्यवस्थेत शक्य होते तिचे चर्चला मोल वाटते, मात्र मूल्यांचा पाया सुटलेली लोकशाही हुकूमशाहीकडे घसरते. पोलंडचा तो सुपुत्र दोन्ही प्रकारच्या हुकूमशाह्या सोसून आला होता. त्यांच्याही आधी हे शमुवेल संदेष्ट्याला ठाऊक होते. इस्राएल लोकांनी राजा मागितला तेव्हा तुमची मुले, मुली, शेते आणि धान्याचा दशांश तो नेईल, असे त्याने त्यांना आधीच बजावले होते. लोकांनी ऐकले नाही.

आता आमची स्वतःची कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या सभागृहावर नवे छप्पर घालायचे होते. बैठकीत एक सेवानिवृत्त शिक्षिका उठून म्हणाल्या, ‘‘फादर, पश्चिमेकडचे पाख आखूड ठेवलेय. जुलैतला वारा तिकडूनच येतो. पाणी आत येईल.’’ आम्ही घाईत होतो. ‘‘बाई, कंत्राटदाराला आपल्यापेक्षा अधिक कळते. विषय संपला,’’ असे म्हणून आम्ही पुढचा विषय घेतला. जुलै आला. दोन आठवडे आम्ही समजत होतो की सभागृह कोरडे आहे. चर्चचा सेवक रोज पहाटे उठून आम्ही येण्यापूर्वी फरशी पुसून ठेवीत होता! धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका लहान मुलीने आपली भिजलेली वही दाखवली, तेव्हा आम्हाला कळले. सालाझारच्या मंत्र्यांचा वृत्तान्त वाचताना आम्हाला हटकून तो ओला सभामंडप आठवतो.

आम्ही बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तेव्हापासून धर्मग्रामाच्या बैठकीत ठराव मांडला, की ‘‘कोणाचे नाही आहे काय?’’ असे विचारून आम्ही थोडे थांबतो. बैठका लांबतात. छप्पर मात्र गळत नाही.

काकांना आमचे उत्तर एवढेच. काका, तुम्ही ते वाक्य भर ओट्यावर, दहा माणसांदेखत, मोठ्याने बोललात, आणि दुपारी घरी जाऊन स्वस्थपणे जेवलात. तुम्हाला हव्या असलेल्या त्या दहा वर्षांत रस्ते कदाचित होतील, कदाचित होणार नाहीत. पण पहिला बंद होईल तो हा ओटा. येत्या रविवारी मिस्सेनंतर अवश्य या. आमचे म्हणणे पटले नसेल, तर तेथेच आम्हाला ‘नाही’ म्हणा.